नरसिंगचा पाय

नरसिंगच्या गाडीला पिकअप नव्हता. ही गोष्ट वारंगा फाट्यापासून गावापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणाचीही त्याबद्दल तक्रार नव्हती. गाडी लष्कराच्या डिस्पोजलमधून आलेली. पुढं केबिन, मागं उघडा हौदा. तिनं म्हणे कुठल्याशा लढाईत काम केलं होतं. त्यामुळं आता तिला कशाचीच घाई राहिली नव्हती. नरसिंग अॅक्सिलेटरवर पाय ठेवायचा. पाय पार तळापर्यंत जायचा. मग काहीच व्हायचं नाही. गाडी म्हणणं ऐकून घ्यायची, मनात घोळवायची, आणि पटलं तर निघायची.

या मधल्या वेळेभोवती लोकांनी आपापला संसार बसवून घेतला होता. नरसिंगनं पाय दाबला, की फाट्यावरचे उतारू चहा मागवायचे. कुणाचं गाठोडं हॉटेलात राहिलेलं असे, कुणाचं भांडण अर्धवट असे, ते सगळं या वेळात उरकायचं. स्वतः नरसिंग पाय दाबून ठेवून चंची सोडायचा, सुपारी कातरायचा, पानाला चुना लावायचा. पान गालात गेलं की गाडी हलायची.

आणि रोज सकाळी याच वेळात त्याची बायको पंचफुला भाकरीचं फडकं घेऊन घरातून निघायची. इंजिनाचा आवाज आला, की ती तव्यावरची शेवटची भाकरी उतरवायची, फडक्यात बांधायची, अंगण ओलांडायची आणि खिडकीतून आत द्यायची. देताना एखादंच वाक्य बोलायची. "मिरच्या संपल्यात." किंवा "सावलीत बसून खावा." घरात सासू होती तेव्हा सुनेनं नवऱ्याशी बोलायची सोय नव्हती, तेव्हापासूनची ही रीत. सासू जाऊन बरीच वर्षं झाली, पण दोघांचं खरं बोलणं अजून गाडीच्या खिडकीतूनच चालायचं.

तर अशा या गुणी गाडीनं नीलाची दोन स्थळं मोडली होती.

नीला ही नरसिंगची एकुलती एक लेक. गावात एस.टी. येत नसे. पाहुणे एस.टी.नं वारंगा फाट्यावर उतरायचे आणि तिथून पुढं नरसिंगच्या हवाली व्हायचे. वाटेत एक ओढा, आणि ओढ्याला लागून चढ. पहिले पाहुणे फाट्यावरून सकाळी निघाले ते जेवणवेळ टळल्यावर पोचले. तोवर पोहे वातड झाले होते आणि पाहुणे त्याहून. उपाशी माणसाला मुलगी जरा सावळीच दिसते. दुसऱ्या वेळी मुलाच्या बापाला चढावर गाडी ढकलायला उतरावं लागलं. कडक इस्तरीचं धोतर नेसलेला तो गृहस्थ जीव लावून ढकलत असताना गाडीला अचानक निघणं पटलं, आणि तो तोंडावर चिखलात गेला. मुलगी पसंत नसल्याचा निरोप त्यानं ओढ्यातूनच दिला.

"पोरीत खोट न्हाई," पंचफुला तेव्हा खिडकीतून म्हणाली होती. "गाडीत हाय."

तिसरं स्थळ हट्ट्याचं. मुलगा सोनाजी, हिंगोलीच्या डेपोत कंडक्टर. मुलाचे वडील पुंजाजी मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नव्हती. त्यांचे नियम साऱ्या तालुक्याला पाठ होते. लग्नात हुंडा नाही, बँड नाही, आणि हळद तर मुळीच नाही. "हळद भाजीत घालायची वस्तू हाय, मानसाला फासायची न्हाई," असं ते सभांतून सांगत. वेळेच्या बाबतीत त्यांचा निरोप होता : "रविवारी सकाळच्या एस.टी.नं येऊ, दुपारच्या एस.टी.नं जाऊ. मधी जे व्हायचं ते होऊन जावं."

नरसिंगनं निरोप ऐकला, गाडीकडं पाहिलं, आणि ती तशीच घेऊन तो फाट्यावरच्या मोहनसिंग मिस्त्रीकडं गेला.

"सरदारजी, पिकअप पायजे."

"तुमको?" मोहनसिंगनं हातातला पाना खाली ठेवला. "तुम्हाला काहून पायजे? आजतक तर न्हाई मागितला."

"पोरीचा मामला हाय."

मोहनसिंगनं बॉनेट उघडलं, कारबोरेटर खोलला आणि आतून बोटाच्या पेराएवढं काहीतरी काढून नरसिंगच्या तळहातावर ठेवलं. चामड्याचा वायसर होता. वाळून, आकसून पार बोरासारखा झालेला.

"ये देखो. तुमी पाय दाबला, की ह्यानं पेट्रोलची पिचकारी मारायची. पन हा सुकला. पेट्रोल बाजूनं निघून जातं. तुम दबाते हो, ये सोचता है."

त्यानं नवं चामडं तेलात भिजवून बसवलं, अॅक्सिलेटरची ढिली दांडी बदलली, नवी स्प्रिंग लावली. मग फडक्याला हात पुसत म्हणाला, "अब पाँव हलका रखना हां. बराबर जागी झाली गाडी."

नरसिंग वर बसला. गिअर टाकला. पाय ठेवला, म्हणजे त्याच्या रिवाजाप्रमाणं तळापर्यंत घातला, आणि चंचीकडं हात नेला. गाडीनं अशी काही डरकाळी फोडली, की दचकून त्याचा क्लचवरचा पाय सुटला, आणि गाडी मोहनसिंगची बाज पोटाखाली घेऊन समोरच्या लिंबाच्या बुंध्यापाशी जाऊन थांबली. बाजेवर त्या वेळी कुणी नव्हतं, ही मोहनसिंगच्या पाहुण्याची पुण्याई; तो नुकताच लघवीला उठला होता.

मोहनसिंग शांतपणे चालत आला. त्यानं बाजेचे पाय पाहिले, मग नरसिंगचा पाहिला.

"गाडी तो बन गई," तो म्हणाला. "आता पाय बनवावा लागंल. वो काम मेरे पास नहीं होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुलानं इंजिनाचा आवाज ऐकला, भाकरी उतरवली, फडक्यात बांधली आणि ती अंगणात आली. अंगणात धूळ होती. गाडी वेशीपाशी पोचली होती. पंचफुला फडकं हातात धरून धूळ खाली बसेपर्यंत तशीच उभी राहिली.

फाट्यावर वेगळाच घोटाळा झाला. नरसिंगनं पाय दाबलेला पाहून उतारूंनी चहा मागवला. चहा येईपर्यंत त्यांची गाठोडी, एक शेळी आणि एक नवी कोरी लोखंडी ट्रंक गावाकडं निघून गेली होती. नरसिंगनं गावात येऊन मागचा फाळका पाडला, तेव्हा आत उतारू म्हणून फक्त शेळी होती आणि ती त्याच्याकडं नाराजीनं पाहत होती. उतारू दुपारी पायी आले. त्यांची नाराजी शेळीपेक्षा स्पष्ट होती.

संध्याकाळी नरसिंग उपाशी घरी आला. पंचफुलानं सकाळचीच भाकरी ताटात वाढली.

"कोन वाट पाहून राहिलं होतं तिकडं?" तिनं विचारलं. घरात, ताटावर बसल्यावर तिनं प्रश्न विचारण्याची ही पहिलीच वेळ. खिडकी नसल्यामुळं नरसिंगनं आधी दाराकडं पाहिलं.

"अवं, म्या न्हाई गेलो," तो म्हणाला. "पाय गेला."

नीला चुलीपाशी पापड भाजत होती. तिनं बापाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि ज्वारीचा एक पापड उचलून ती बाहेर गेली. बाजेपुढं जमिनीवर एक वीट तिरकी टेकवली, तिच्यावर पापड ठेवला.

"बाबा, बसा इथं. ठेवा पाय."

"खायच्या वस्तूवर?"

"ठेवा म्हन्ते ना. पन मोडायचा न्हाई."

नरसिंगनं पाय ठेवला. पापडाचा चुरा झाला. नीलानं दुसरा ठेवला. त्याचाही चुरा झाला.

"तुमी पाय ठेवतच न्हाई, बाबा. रागावल्यावानी हानता."

"लई वर्षाची सवय हाय, बाई. जोर लावल्याबिगर ती ऐकतच नव्हती."

"आता ऐकती ना? मंग? ऐकनाऱ्या मानसाशी कोन वरडून बोलतं का?"

नरसिंगनं पुन्हा पाय ठेवला. त्या आठवड्यात त्या घरात रोज संध्याकाळी पापड मोडत होते आणि बाप-लेक चुरा खात बसत होते. पंचफुला दारातून पाहायची. "पाव्हन्याला पापड राहू द्या," एवढंच म्हणायची. शनिवारी संध्याकाळी नरसिंगनं पापडावर पाय ठेवला, मनात दहादा ओढा ओलांडला, चढ चढला, आणि पाय उचलला. पापड साबूत होता. नीलानं तो उचलून आईला दाखवला, आणि तिघांनी वाटून खाल्ला.

रविवारी निघताना किशनराव दुकानदारानं हटकलं. "नरसिंग, फाट्यावर माझं एक पोतं उतरलंय. हिंगोलीहून. दळलेली हळद हाय. येताना टाकून आन."

"आज माल न्हाई, किशनराव. पाव्हने हायेत."

"एकच तर पोतं हाय. पाव्हने का पोत्यावर बसनार हायेत?"

भिडस्त माणसाला दुसऱ्याचं म्हणणं नेहमीच बरोबर वाटतं. नरसिंगनं फाट्यावर पोतं हौद्यात केबिनला टेकवून ठेवलं, आणि वेळेवर आलेल्या एस.टी.तून वेळेवर उतरलेल्या पुंजाजी मास्तरांना सामोरा गेला.

"जयभीम, मास्तर. या, केबिनमधी बसा."

मास्तरांनी केबिन पाहिली, हौदा पाहिला. "एकानं गादीवर आन् बाकीच्यांनी मागं, असा भेद मी पाळत न्हाई. सगळे मागं बसू."

सगळे म्हणजे मास्तर आणि सोनाजी. मास्तर एका बाजूला पत्र्यावर बसले. पांढरंशुभ्र टेरिकॉट घातलेल्या सोनाजीनं बसायला जागा शोधली, आणि तो पोत्यावर बसला. बसल्यावर कंडक्टरच्या सवयीनं त्यानं केबिनच्या टपावर दोन थापा मारल्या.

गाडी निघाली. अशी निघाली, की पाण्यावरून पान जावं. नरसिंगच्या पायाखाली जणू पापड होता. ओढा आला, गेला. चढ आला. ज्या चढानं एक सोयरीक गिळली होती तो चढ गाडीनं एका दमात पार केला. कुणाला उतरावं लागलं नाही, की कुणाचं धोतर मळलं नाही. वर पोचल्यावर मागून मास्तरांचा आवाज आला, "सोनाजी, घड्याळ पाह्य. मानूस वक्तशीर दिसतो."

ते ऐकून नरसिंगचा ऊर भरून आला. आणि ऊर भरून आला, की माणसाचं पायाकडं लक्ष राहत नाही.

घरासमोर नाली होती आणि नालीवर दगडांचा उंचवटा. या उंचवट्यावर इतकी वर्षं तो रोज संध्याकाळी पाय तळापर्यंत दाबत आला होता. फाटा शिकला होता, ओढा शिकला होता, चढ शिकला होता. पण पापडाच्या आठवड्यात गाडी वेशीतच उभी असायची; दारातला उंचवटा जुन्या सवयीसकट पायाच्या हाडात मुरलेला. घर दिसलं, आणि पाय आपला आपण खाली गेला.

गाडीनं उंचवट्यावरून उडी मारली, काट्यांची कुपाटी मोडली आणि ती अंगणात शिरली. नरसिंगनं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. पोतं थांबलं नाही. ते सोनाजीसकट केबिनवर आदळलं, सुतळी सुटली, आणि गाडीच्या डोक्यावर एक पिवळा ढग उभा राहिला. तो तिथं जरा वेळ थांबला, मग वाऱ्याबरोबर सावकाश पुढं येऊन अंगणावर बसला. अंगणात पाहुण्यांच्या पायांवर पाणी घालायला हातात तांब्या घेऊन नीला उभी होती.

सोनाजी पिवळा होता. मास्तर पिवळे होते. चष्मा, मिशा, घड्याळ, सगळं. नीला पायापासून केसापर्यंत पिवळी होती. नरसिंग तेवढा केबिनमध्ये कोरडा, पण त्याचा चेहरा हळद न लागताच पिवळा पडला होता. तिसरंही गेलं, एवढंच त्याला कळत होतं.

पहिली बोलली ती शेजारची चतुराबाई. गावातल्या प्रत्येक लग्नात पहिली हळद लावायचा मान तिचा. म्हातारीला दिसायचं कमी, पण हळदीचा वास तिला शिवेवरून कळायचा.

"अगं बया," ती काठी टेकत आली. "आज हळद हाय? मला कुनी सांगितलं न्हाई!"

"हळद न्हाई, मावशी," पंचफुला रडवेली झाली होती. "पाह्याला आलेत."

चतुराबाईनं नीलाच्या गालाला हात लावला, सोनाजीच्या मनगटाला लावला. बोटं नाकाशी नेली. "दोघांना लागली की. पाह्याचं काय राह्यलं आता?"

"आमी!" मास्तर हौद्यातून गरजले, पण तोंडात हळद गेल्यामुळं ठसका लागला. "आमी हळद मानत न्हाई!"

"मानू नका," चतुराबाई म्हणाली. "लागली तर हाय."

तेवढ्यात किशनराव धावत आला. "माझं पोतं!" त्यानं हंबरडा फोडला.

"पोतं साबूत हाय," सोनाजी हौद्यातून नम्रपणे म्हणाला आणि त्यानं रिकामं पोतं खाली दिलं.

मास्तरांच्या डोळ्यांत मात्र हळद गेली होती. ते फाळक्याला धरून चाचपडत होते. कुणाला काय करावं सुचत नव्हतं, कारण एवढ्या मोठ्या माणसाला हात कसा लावायचा? तेव्हा नीला पुढं झाली. आपल्याला पाहायला आलेत, खाली मान घालून उभं राहायचं असतं, पदर सावरायचा असतो, हे सगळं ती हळदीबरोबर विसरली. तिनं मास्तरांचा हात धरून त्यांना खाली उतरवलं, बाजेवर बसवलं आणि चष्मा काढून घेतला.

मास्तर पाहण्याच्या कार्यक्रमाची सुरुवात ज्या प्रश्नानं करत, तो त्यांच्या तोंडातून तशाही अवस्थेत निघाला. "नाव काय तुझं?"

"डोळे चोळू नका," नीला म्हणाली. "मान वर करा. नाव मंग सांगते."

मास्तरांनी मान वर केली. पत्नी गेल्यापासून त्यांना कुणी असा हुकूम सोडला नव्हता. नीलानं ओंजळीनं पाणी मारलं, पदराच्या टोकानं एकेक पापणी पुसली, पुन्हा पाणी मारलं.

"चुरचुरतं का?"

"थोडं."

"उघडा हळूच. दिसून राहिलं का?"

मास्तरांनी डोळे उघडले. समोर एक पिवळाधम्मक चेहरा होता आणि त्यात काळजीनं भरलेले दोन डोळे. रंग सावळा की उजळ, हे कळायला कसलाच मार्ग नव्हता. मास्तर पाहत राहिले.

"नीला," ती म्हणाली. "नाव नीला."

हौद्याच्या कडेला सोनाजी उभा होता. त्याची बत्तिशी तेवढी पांढरी दिसत होती आणि ती बराच वेळ दिसत होती. मास्तरांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, मग चष्मा डोळ्यांवर चढवला.

"नरसिंगराव," ते म्हणाले. "माझी एक अट हाय. लग्नात हळद लागनार न्हाई."

"आता लावायची राह्यलीच कुठं?" चतुराबाई म्हणाली आणि अंगणात हशा पिकला. किशनरावानं रिकामं पोतं झटकलं, घडी केली, आणि ही हळद आपल्याकडून आहेर समजावा असं जाहीर केलं. त्याला दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

लग्न उन्हाळ्यात ठरलं. आठवडा राहिला, तेव्हा नरसिंग पुन्हा मोहनसिंगकडं गेला. बराच वेळ गाडीभोवती फिरला.

"सरदारजी, तो जुना वायसर हाय का?"

"सुका हुआ? काहून?"

"बसवता का परत? एका दिवसापुरता. नीलाला पोचवाया जायचं ना फाट्यावर. हिला आता दम निघत न्हाई. पाय ठेवला की निघती."

मोहनसिंगनं त्याच्याकडं पाहिलं. पाना फडक्यानं पुसत म्हणाला, "वो तो फेक दिया. आन् मी बिघडवायचं काम करत न्हाई."

लग्न झालं. वंदना झाली, फुलं उधळली गेली, जेवणं उठली. नीला केबिनमध्ये बापाशेजारी बसली. हौद्यात वऱ्हाड चढलं. मास्तर भेद न पाळता मागं बसले आणि त्यांनी घड्याळ पाहिलं, फाट्यावर एस.टी. कुणासाठी थांबत नाही. सोनाजीनं टपावर दोन थापा मारल्या.

गाडी निघाली नाही.

सोनाजीनं पुन्हा दोन मारल्या. इंजिन नीट चालू होतं, पण गाडी जागची हलेना. "बिघडली वाटतं परत," कुणीतरी म्हणालं. "जुनं ते जुनंच," दुसरं म्हणालं. मास्तरांनी मान बाहेर काढली. "काय झालं हो? काहून थांबून राहिली?"

जेवायला आलेला मोहनसिंग हात धुऊन पुढं आला. त्यानं बॉनेट उघडलं. आत सगळं ठाकठीक होतं. स्वतःच्या हातचं काम त्याला कळत होतं. मग त्यानं खिडकीतून आत डोकावून खाली पाहिलं, आणि बॉनेट बंद केलं.

"कारबोरेटर में कचरा है," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "थोडा टाइम लगेगा. चहा घ्या तवर."

हौद्यातली मंडळी उतरू लागली. कुणीतरी चहा मागवला. मास्तरांनी घड्याळ खिशात घातलं. आणि पंचफुला घरातून निघाली. अंगण ओलांडून ती खिडकीशी आली. या वेळी ती पलीकडच्या खिडकीशी गेली. तिनं भाकरीचं फडकं नीलाच्या मांडीवर ठेवलं, गाठ नीट केली, नीट होती तरी पुन्हा केली.

"सावलीत बसून खा," ती म्हणाली.

चहा झाले. लोक परत चढले. नरसिंग समोरच्या काचेतून रस्त्याकडं पाहत होता. नीलानं खाली पाहिलं. बापाचा पाय अॅक्सिलेटरवर होता. इतका हलका, की ठेवलाय की नाही ते कळू नये.

"बाबा," ती हळूच म्हणाली. "आता पापड मोडला तरी चालंल."

नरसिंगनं पाय दाबला.

गाडी ताबडतोब निघाली. मोहनसिंगचं काम चोख असायचं.